अडकलेला व्हॉल्व्ह

आबरडेअर, ९ नोव्हेंबर २०२२

नेरिस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच टाकलं असशील, तर पुढचं सगळं वायाच आहे. पण उघडलं असशील तर थोडं वाच. तुझा पत्ता मी तुझ्या जुन्या मैत्रिणीकडून, डेलिथकडून मागून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, चार वेळा नाही म्हणाली ती.

भांडायला लिहीत नाहीये. एक कामाचा प्रश्न आहे आणि त्यातलं तुला कळतं.

आपला बॉयलर नीट चालत नाही. म्हणजे चालतो, दिवसभर चालतो, स्वयंपाकघरात त्याची घरघर थांबतच नाही. पण भिंतीवरचे रेडिएटर थंडगार. हात लावला तर आपलाच हात त्यांना ऊब देतोय असं वाटतं. आणि नळाचं पाणी इतकं कढत की परवा भांडी धुताना मनगटावर फोड आला. जिन्यावरच्या कपाटात पाण्याची टाकी आहे, तिथे तर उभं राहवत नाही.

बिलं सगळ्यांचीच वाढलीत, मला माहीत आहे. पण डेलिथचं घर आपल्या घरासारखंच, तशाच दोन खोल्या वर, दोन खाली. तिला महिन्याला दीडशे पौंड येतात, आम्हाला तीनशे दहा. कंपनीत फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "घरात माणसं किती आहेत, बाई?" म्हटलं, दोन म्हातारी. ती म्हणाली, "मग एखादी खिडकी उघडी राहत असेल." मी फोन ठेवला.

बाबा म्हणतात बॉयलर उत्तम आहे, मी स्वतः बसवलाय. दुसऱ्या कुणाला बोलावू देत नाहीत. तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे.

काय झालं असेल, एवढंच कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

आई

आबरडेअर, २६ नोव्हेंबर

नेरिस,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, पण मिळाल्या.

"पाण्याचा व्हॉल्व्ह टाकीच्या बाजूला अडकलाय. खोलीला ऊब हवी म्हणून बॉयलर पेटतो, गरम पाणी मात्र टाकीतच फिरतं. खोली तापत नाही, म्हणून बॉयलर थांबत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, कुणाही परवानेवाल्याला बोलवा." शेवटी लिहिलं होतंस, "यापुढे पत्र नको." ते वाचलं. तरी लिहितेय.

म्हणजे एवढे महिने आम्ही पैसे जाळून एक कपाट तापवत होतो. मला हसूच आलं. खरं सांगायचं तर त्या कपाटाचा मला उपयोग झाला. दुपारी बाबा डुलकी काढतात तेव्हा मी टॉवेलांच्या खालच्या फळीवर, दार ओढून, पंधरा-वीस मिनिटं बसते. घरात तेवढीच एक जागा आहे जिथे माझी बोटं वाकतात. आत बसून मी काय करते असं विचारशील, तर काही नाही. बसते.

तू लिहिलंस ते मी बाबांना सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही.

"व्हॉल्व्ह अडकलाय म्हणे," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"एक जाणकार आहे ओळखीतलं."

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आपल्या पोरीनं सांगितलं का?" मी टेबलावरचे कप उचलायला लागले. "मग खरंच असेल," असं म्हणून ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले. वाटलं, सुटलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी मी गॅसच्या कामवाल्याला बोलावलं. त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. शिवी देऊन. बाबांनी आयुष्यात कामावरच्या माणसाला शिवी दिली नव्हती, तुलाही ठाऊक आहे. तो बिचारा जाताना म्हणाला, "मी समजू शकतो, बाई, माझ्या वडिलांचंही असंच आहे."

असंच म्हणजे काय, ते मी पहिल्या पत्रात लिहायचं टाळलं. मार्चमध्ये डॉक्टरांनी सांगितलं. नाव मोठं आहे, पण तू ओळखलं असशील. सकाळी ते हत्यारांची पिशवी घेतात, ओव्हरकोट चढवतात आणि विचारतात, आज कुणाकडे काम आहे? मी म्हणते आज सुट्टी. मग ते पाने एक एक करून टेबलावर मांडतात आणि पुन्हा भरतात. चाळीस वर्षं या दरीतल्या घराघरात ऊब नेणारा माणूस आहे हा.

ही माहिती म्हणून लिहिली. दया यावी म्हणून नाही.

आई

आबरडेअर, ११ डिसेंबर

नेरिस,

बर्फ पडलंय. डोंगराच्या अंगानं सगळं पांढरं, आणि रस्त्यावर जो निघतो तो भिंत धरून चालतो.

वरच्या खोल्या मी बंद केल्या. दोघं खालच्याच खोलीत झोपतो, बाबा सोफ्यावर आणि मी खुर्चीत. बॉयलर मी दिवसातून एकच तास लावते. तो तास संपला की बाबा उठून पुन्हा चालू करतात. मी बंद करते, ते चालू करतात. काल मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, "इद्रिस, हे आपल्याला परवडत नाही रे, कळतंय का तुला?" ते म्हणाले, "परवडत नसेल तर गिऱ्हाइकाला सांग, मी बिल कमी करतो." त्यांना वाटलं आम्ही दुसऱ्या कुणाच्या घरात आहोत.

पेन्शनच्या दिवशी मी आधी बिल भरते. मग उरलेल्यात बटाटे, कांदापात, थोडं मटण. सूप करते, तेच तीन दिवस पुरवते. भूक लागते असं नाही. खुर्चीतून उठावंसंच वाटत नाही.

कंपनीनं पत्र पाठवलंय. थकबाकी भरली नाही तर आगाऊ पैसे भरायचा मीटर बसवतील. म्हणजे पैसे संपले की गॅस बंद, आपोआप. त्या मीटरची भीती तूच मला सांगायचीस, आठवतं? कामावरून आलीस की म्हणायचीस, आज अशा घरात गेले होते जिथे बाई नाणं टाकेपर्यंत पोरं कोट घालून बसली होती.

तू परवानेवाल्याला बोलवा म्हणालीस. मी आणखी दोन जणांना बोलावलं. एकाला येण्यापूर्वीच कळलं होतं कुणाचं घर आहे ते. म्हणाला, "इद्रिस प्रिचर्डच्या घरी? नको. त्या चौकशीबद्दल गावात अजून बोलतात." दुसरा आला, तेव्हा बाबा टाकीच्या कपाटासमोर खुर्ची टाकून बसले आणि हटलेच नाहीत. तो वाट पाहून निघून गेला. येण्याचे पैसे घेऊन गेला.

मी काय करू ते मला सुचत नाही. हे मी दुसऱ्या कुणाला लिहिणार?

आई

आबरडेअर, १६ डिसेंबर, दुपार

नेरिस,

घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर माफ कर.

काल सकाळी मी औषधं आणायला गेले. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. परत आले तर दारातच वास. बाबा स्वयंपाकघरात गुडघे टेकून बसलेले, बॉयलरचं झाकण काढलेलं, आणि गॅसच्या नळीची चकती सोडवून हातात धरलेली. माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हॉल्व्ह सापडत नाही गं. इथेच असायचा."

व्हॉल्व्ह वर, टाकीशी आहे, नेरिस. मला, नुसता स्वयंपाक करणाऱ्या बाईला, ते माहीत आहे. त्यांनी या गावात असे हजार व्हॉल्व्ह बसवलेत.

मी मीटरचा दांडा फिरवून गॅस तोडला, खिडक्या उघडल्या, त्यांना ओढत अंगणात नेलं. बर्फात, पायात सपाता. ते माझ्याशी झटत होते. "काम अर्धं टाकून जाता येत नाही," असंच म्हणत होते. पलीकडे बेनन बाई त्यांच्या दाराशी उभ्या होत्या. पाच वर्षांत त्यांनी आमच्याकडे पाहिलं नव्हतं. काल पाहिलं. मग आत गेल्या आणि गॅसच्या तातडीच्या नंबरला फोन त्यांनीच केला.

माणूस आला. त्यानं आमचा गॅस बंद केला, मीटरच्या नळीला बूच बसवलं, त्यावर लाल कागद चिकटवला. परवानेवाल्यानं सगळं तपासल्याशिवाय आता गॅस सुरू होणार नाही. तो पोरगा चांगला होता, दोन विजेचे हीटर ठेवून गेला. पण वीज गॅसच्या तिप्पट पडते, आणि एका हीटरनं बाबांचे पाय गरम होतात तर पाठ होत नाही.

काल रात्रीपासून त्यांना खोकला लागलाय. छातीतून येतो. डॉक्टर म्हणाल्या, उद्यापर्यंत उतरला नाही तर दवाखान्यात हलवू, पण बरे झाल्यावर अशा थंड घरात परत पाठवणार नाही. मग कुठे पाठवतील? त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मी तुला जे लिहिलं होतं पाच वर्षांपूर्वी, की तुझ्यासारखी मुलगी पोटी आली नसती तर बरं झालं असतं, ते मी लिहिलं. ते नव्हतं लिहिलं असं म्हणत नाही.

ये. माझ्यासाठी नको. बॉयलरसाठी ये. दुसरा कुणी आता हे काम हातात घेत नाही.

आई

आबरडेअर, ३ जानेवारी २०२३

नेरिस,

तू येऊन, व्हॉल्व्ह बसवून गेलीस त्याला दोन आठवडे झाले. लिहायला बसले की कागद तसाच राहत होता.

आधी घरचं सांगते. बाबांचा खोकला उतरला, दवाखान्यात न्यावं लागलं नाही. गॅस सुरू आहे. खोल्या तापतात आणि तापल्या की बॉयलर थांबतो. ती शांतता पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं पुन्हा काही बिघडलं. मीटरवरचे आकडे मी रोज वहीत टिपते. पूर्वीच्या अर्ध्याहून कमी. तू म्हणालीस तसा सवलतीचा अर्ज केलाय आणि कंपनी थकबाकी हप्त्यांनी घ्यायला तयार झाली. उन्हाळा उजाडेपर्यंत ओढाताण राहील, पण नवा मीटर बसणार नाही.

आता दुसरं.

तुला वाटलं मी चहा करत होते. चहा करून झाला होता. तू जिन्यावरच्या कपाटात अर्धी आत शिरून काम करत होतीस, बाबा वरच्या पायरीवर बसून तुला बॅटरी दाखवत होते, आणि मी दोन कप घेऊन खालच्या वळणावर उभी होते. वर आले नाही, कारण ते बोलत होते. इतक्या महिन्यांत ते असे सलग बोलले नव्हते.

"हात चांगला आहे तुझा," ते म्हणाले. "कुणाकडे शिकलीस?"

तू म्हणालीस, "घरीच."

"माझी पोरगीही याच कामात होती. माझ्याहून चांगली. गाडीवर आम्ही दोघांचं नाव रंगवलं होतं."

"मग?"

"मग तिनं माझ्याविरुद्ध वरच्या कार्यालयात कळवलं. बेननांच्या बॉयलरचं." मग म्हणाले, "बरोबर केलं तिनं."

तुझा पाना थांबला. मला ऐकू आलं. तू विचारलंस, "तुमची चूक होती?"

"धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या सांध्यात रबराची कडी बसवायची राहिली. खिशातच राहिली कोटाच्या. त्या रात्री लक्षात आलं, म्हटलं सकाळी जाऊन बसवतो. सकाळी विसरलो. आठवडाभर विसरलो. घरात धूर साचून बेननांची छोटी नात बेशुद्ध पडली तेव्हा कोटात हात घातला, तर कडी नव्हती. ग्लेनिसनं, बायकोनं, कोट धुतला होता. तिनंच फेकली असणार."

"त्यांना विचारलं नाही?"

"कसं विचारणार? ती चौकशीत सांगून आली होती की माझ्या नवऱ्यानं सगळ्या कड्या बसवल्या, मी स्वतः सामानाची यादी तपासली. तिला खोटं पाडू? ती माझ्यासाठी बोलली होती. मग पोरीला खोटं पाडलं." आणि मग अगदी हळू, "दोघींतली एक निवडावी लागली. तू हे कुणाला सांगू नकोस हं. ग्लेनिसला वाटतं मला माहीत नाही."

तुझा पाना पुन्हा फिरायला लागला. मग म्हणालीस, "बॅटरी जरा डावीकडे धरा." त्यांनी धरली.

मी खाली आले. चहा ओतून दिला आणि नवा केला. तू उभ्यानंच प्यायलीस, डोळे लाल होते, मी कपाटातली धूळ गेली असेल असं म्हटलं. तूही हो म्हणालीस. आपण तिघंही किती चांगलं खोटं बोलतो, नेरिस.

कडी मी फेकली. कोट भिजवण्यापूर्वी खिसे तपासले, हाताला लागली, रबराची, काळी, बांगडीएवढी. मला त्या वेळी ती कशाची ते ठाऊक नव्हतं. हेही खोटंच. तीस वर्षं अशा कड्या माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पडून असायच्या. मी ती बटाट्याच्या सालांबरोबर डब्यात टाकली आणि झाकण लावलं. चौकशीला गेले तेव्हा निळा झगा घातला होता, कारण त्यात मी विश्वासू दिसते असं तुझे बाबा म्हणायचे.

मग सगळ्यांनी ठरवलं की बेननांचा जावई एम्रिस छत रंगवताना नळीला धक्का लावून गेला असणार. त्यानं कितीदा सांगितलं, मी हात लावला नाही. बायको-पोर इथेच ठेवून तो गाव सोडून गेला. बेननांना विम्याचा एक पैसा मिळाला नाही. त्यांची नात, छोटी माली, अकरा दिवस दवाखान्यात होती, आता आठ वर्षांची आहे, आणि डेलिथ सांगते की शाळेत तिला अजून एकेक गोष्ट तीन-तीनदा सांगावी लागते. आणि तुला या गावानं घरभेदी म्हटलं. मी म्हणू दिलं. मीच पहिल्यांदा म्हटलं.

माफी मागायची तर कशाकशाची मागू हे मला कळत नाही. माफी माग असं तू कधी म्हणाली नाहीस, आणि मी मागितली म्हणून तू द्यावीस असंही नाही. पण तू त्या कपाटात ऐकलंस, आणि मी ऐकलंय हे तुला माहीत नव्हतं. आता आहे.

आई

आबरडेअर, १२ जानेवारी

नेरिस,

तुझं पत्र अजून आलेलं नाही. मी त्याची वाट बघत बसले नाही, एवढं सांगायचं होतं.

काल मी बेनन बाईंच्या दारावर गेले. चाळीस पावलं असतील, मला रस्ता संपेनासा झाला. त्यांनी दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहूनच सगळं सांगितलं. कडी, कोट, डबा, निळा झगा. तुझं नाव आधी सांगितलं, की ती खरं बोलत होती. त्या ऐकत राहिल्या, दाराची कडा धरून. माझं संपलं तेव्हा म्हणाल्या, "पाच वर्षं मी माझ्या जावयाला दोषी मानलं." मग दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

घरी आले. बाबा विचारत होते, कुठे गेली होतीस. म्हटलं, बेनन बाईंकडे.

"काय काम होतं?"

"बॉयलरचं. जुनं काम. आपलं राहिलेलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर वळवली नाही. मग म्हणाले, "मी पण यायला हवं होतं, ग्लेनिस. काम माझं होतं."

"उद्या जाऊ," मी म्हटलं.

सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं. हत्यारांची पिशवी घेऊन आले आणि विचारलं, आज कुणाकडे काम आहे? आजवर मी रोज सुट्टी आहे असं सांगत आले. आज त्यांच्या हातातून पिशवी काढून ठेवली, त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते रडले. मग त्यांनी बूट मागितले.

आम्ही दोघं जाऊन आलो. बेनन बाईंनी काय म्हटलं आणि आम्ही काय ऐकून घेतलं ते लिहीत नाही, ते त्यांचं आहे. चौकशी कार्यालयाला मी वेगळं पत्र लिहिलंय, एम्रिसचं नाव घालून, माझ्या सहीनं. त्यातून माझ्यावर काय येईल ते येवो. डेलिथ म्हणते या वयात तुरुंगात टाकणार नाहीत. मी म्हटलं, टाकलं तर तिथे ऊब तरी असेल. ती हसली नाही.

उद्या बाबा पुन्हा विसरतील. मी पुन्हा सांगेन.

आई